तीच बाई, तोच महिना: महिलांच्या हृदयरोग प्रतिबंध कार्यक्रमाचं फलित कसं मोजायचं

अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही जानेवारीत बायकांची तपासणी केली आणि मे महिन्यात परत गेलो. मधल्या काळात मीठ कमी करण्यावर बचत गटात तीन बैठका झाल्या होत्या, संध्याकाळी चालायला जाणाऱ्या बायकांचा गट जमला होता. मे महिन्यात बहुतेकींचा बीपी उतरलेला दिसला. आम्हाला वाटलं, जमलं. अहवाल लिहून पाठवलासुद्धा. पुढच्या जानेवारीत त्याच बायकांचे आकडे पुन्हा जवळपास पहिल्या जागी आले, तेव्हा लक्षात आलं की आम्ही मे महिन्यात ऊन मोजून आलो होतो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपी चढतो. उन्हाळ्यात त्या सैल होतात, घामावाटे पाणी आणि मीठ निघून जातं आणि बीपी खाली येतो. जळगाव-भुसावळकडचा मे म्हणजे पारा पंचेचाळिसाच्या आसपास. तिथे कोणताही कार्यक्रम चार महिन्यांत यशस्वी दिसेल.

म्हणून हा लेख या कामात नव्यानं आलेल्यांसाठी लिहितो आहे. बचत गटांसोबत काम करणाऱ्या ताया, संस्थांचे कार्यकर्ते, उपकेंद्रावर नव्यानं रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, सगळ्यांसाठी. "शिबिरात दोनशे महिलांची तपासणी" हे वाक्य फलकावर ठीक आहे. त्यातून आपण किती राबलो ते कळतं. त्या दोनशे जणींच्या शरीरात वर्षभरात काय बदललं, ते मात्र वेगळं मोजावं लागतं.

पायरी १: काय मोजायचं ते तपासणीच्या आधी ठरवा

नवीन माणूस पहिल्यांदा म्हणतो, "हार्ट अटॅक किती कमी झाले ते मोजू." हे करायला जाऊ नका. दीड-दोन हजार वस्तीच्या गावात तिशीच्या पुढच्या बायका काही शेच्या घरात. त्यांच्यात वर्षाला एखाद-दोन जणींनाच झटका येणार. एका वर्षी तीन, दुसऱ्या वर्षी एक, हा फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो. शिवाय घरी झालेल्या मृत्यूचं कारण "छातीत कळ आली अन् गेली" एवढंच सांगितलं जातं. ती कळ हृदयाची होती की आणखी कशाची, हे नंतर कोणी ठरवू शकत नाही.

त्याऐवजी झटक्याकडे नेणाऱ्या गोष्टी मोजा. बीपी सगळ्यांत भरवशाचा, कारण त्याचा हृदयाशी असलेला हिशेब जगभरातल्या मोठ्या चाचण्यांतून पक्का झालेला आहे. वरचा बीपी औषधानं १० नं उतरवला, तर हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा मोठ्या घटना साधारण २० टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे बीपी खरोखर उतरला असेल, तर झटके मोजले नाहीत तरी तुम्ही हृदयाचंच काम मोजलं.

माझ्या मते पहिल्या वर्षी चारच गोष्टी धरा: बीपी ताब्यात असलेल्यांचं प्रमाण, औषध चालू राहिलेल्यांचं प्रमाण, कमरेचा घेर आणि तंबाखू. साखरेच्या तपासणीसाठी पट्ट्या आणि माणूस दोन्ही असतील तर पाचवी. "महिलांमध्ये जागृती वाढली" हा आकडा मला कमकुवत वाटतो. बैठकीत ऐकलेलं बाई महिन्याभरानं बरोबर सांगते, पण त्यामुळे तिचं लोणचं कमी झालं की नाही ते कळत नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी चार प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. गरोदरपणात बीपी वाढला होता का, तेव्हा साखर निघाली होती का, पाळी कोणत्या वयात गेली, आणि गर्भपिशवी काढली आहे का. या गोष्टी बदलणाऱ्या नाहीत, त्यामुळे त्या फलितात येत नाहीत. पण ज्यांना गरोदरपणात बीपीचा त्रास झाला त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जवळपास दुप्पट असतो, आणि पाळी लवकर गेली किंवा लवकर घालवली गेली तरी धोका वाढतो. वर्षअखेरीस या बायकांचे आकडे वेगळे काढून पाहता आले पाहिजेत. गर्भपिशवीचा प्रश्न चारचौघींत विचारू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तो दुखरा विषय आहे.

पायरी २: यादी

सगळं मोजमाप यादीवर उभं राहतं, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शिबिराला आलेल्यांची यादी करू नका. गावातल्या तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांची करा. ती बऱ्यापैकी तयार मिळते. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि घरातला आजार यांना त्यात गुण असतात, आणि चारपेक्षा जास्त गुण आले की तपासणीसाठी आधी नंबर लागतो. आशाताईंसोबत बसून तुमची यादी त्यांच्या रजिस्टरशी जुळवा. त्यांच्या पाठीमागे समांतर रजिस्टर सुरू करू नका. त्या तुमच्या आधी तिथे होत्या आणि तुमच्या नंतरही राहणार आहेत.

प्रत्येकीला क्रमांक द्या. एकाच गावात एकाच नावाच्या आणि एकाच आडनावाच्या तिघी सहज निघतात, त्यामुळे कार्डावर क्रमांक, नवऱ्याचं नाव आणि गल्ली एवढं तरी हवंच. वर्षभरानं हिचा आकडा तिच्या नावावर चढला, तर दोघींचाही हिशेब बिघडतो.

आता महिना. खान्देशात हा प्रश्न ऋतूइतकाच कामाचाही आहे. दिवाळीच्या आगेमागे चाळीसगावकडच्या, धुळे-नंदुरबारकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी गुजरातेत, आणि थेट उन्हाळ्यात परततात. त्याच सुमारास कापूस वेचणी सुरू होते आणि सकाळी सातनंतर गावात बाई सापडत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. गाव भरलेलं दिसतं, पण त्यातल्या निम्म्या जणी आठवड्यात सासरी जाणार असतात. आखाजीत यादी केली तर वर्षभरानं त्या माहेरवाशिणी "सापडल्या नाहीत" म्हणून तुमच्या गळ्यात येतात.

आम्ही आता भाद्रपद धरतो. निंदणीचा जोर ओसरलेला असतो, वेचणी लागलेली नसते, टोळ्या गावातच असतात, आणि नवरात्राचे उपवास अजून पुढे असतात. तुमच्याकडे दुसरा महिना सोयीचा असेल तर तो घ्या, पण पुढच्या वर्षीही तोच घ्या.

पायरी ३: बीपी नीट मोजा

यावर वेळ घालवा. इथली चूक पुढे कोणत्याही गणितानं सुधारत नाही.

अंगणवाडीच्या दारात रांग आहे. एक मावशी शेतातून थेट आली आहे, डोक्यावरचा भारा ओट्यावर टाकून ती आत येते, खाली मांडी घालून बसते आणि शेजारणीला सांगते की सून आज पुन्हा उशिरा उठली. तुम्ही पट्टा बांधता आणि बटण दाबता. या एका मोजणीत चार चुका झाल्या. ती चालून आली, विसावली नाही. मांडी घातली. पाठीला टेका नाही. ती बोलत होती. नुसत्या बोलण्यानं वरचा आकडा १० च्या आसपास चढू शकतो.

करायचं असं. पाठ टेकेल अशी खुर्ची ठेवा आणि दोन्ही पावलं जमिनीवर सपाट ठेवायला सांगा. पाय पोचत नसतील तर खाली पाट द्या. पाच मिनिटं शांत बसू द्या, आणि ही पाच मिनिटं घड्याळावर मोजा, कारण रांग लांबली की पहिल्यांदा हीच पाच मिनिटं कापली जातात. अर्ध्या तासात चहा किंवा मशेरी झालेली नसावी. लघवीला जाऊन आली का हे ताईंनी हळूच विचारावं. पुरुष कार्यकर्ते समोर असले की बायका अडवून बसतात, आणि भरलेल्या मूत्राशयानंही बीपी चढतो. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीत. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर ती दंडाला दोरीसारखी आवळते, म्हणून सैल बाहीचा एखादा सदरा सोबत ठेवा आणि आडोसा करा. पट्ट्याचे दोन आकार जवळ हवेत. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो. मनगटावरचं यंत्र वापरू नका.

एकेक मिनिटाच्या अंतरानं तीनदा मोजा. पहिला आकडा सोडून द्या आणि शेवटच्या दोनांची सरासरी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टेप्स सर्वेक्षणांत सरासरी अशीच काढतात. यंत्रावर १३७ दिसलं तर १३७ लिहा, १४० करू नका. दिवसाच्या शेवटी रजिस्टरवर बोट फिरवून पाहा, किती आकडे शून्यानं संपतात. डिजिटल यंत्रावर दहातला एखादा संपायला हवा. निम्मे संपत असतील तर कोणीतरी अंदाजानं लिहितं आहे. रागावू नका, दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीशेजारी बसा.

आणखी एक सापळा आहे, आणि त्यात जुनेही अडकतात. एका दिवशी ज्यांचा बीपी चढलेला निघाला त्यांनाच निवडलं आणि महिन्यानं मोजलं, तर काहीही न करता त्यांची सरासरी उतरते. त्यांतल्या काहींचा त्या दिवशी भांडणामुळे, रात्रीच्या जागरणामुळे किंवा दवाखान्याच्या धास्तीनं चढलेला असतो, आणि तो आपोआप जागेवर येतो. म्हणून १४०/९० किंवा वर निघालेल्या बाईला दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, दोन्ही दिवशी जास्त निघाला तरच तिला बीपीच्या यादीत घ्या, आणि सुरुवातीचा आकडा म्हणून दुसऱ्या दिवसाचाच धरा.

१८०/११० च्या वर गेली तर मोजमाप बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. छातीत दाब, दम, जबड्यात किंवा पाठीत कळ, अचानक घाम, यातलं काही सोबत असेल तर लगेच १०८. बायकांमध्ये झटका पुष्कळदा मळमळ आणि थकव्याच्या रूपानं येतो आणि "पित्त झालं" म्हणून घरीच राहतो.

पायरी ४: कमर

टेप परकराच्या नाडीवर लावला जातो, कारण तिथे तो आपोआप बसतो. ती जागा चूक आहे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडलेला असताना. निऱ्या आणि पदराचा खोचा बाजूला करावा लागतो, म्हणून बंद खोली हवी आणि मोजणारी बाईच हवी. ८० सेंटिमीटरच्या वर गेलं की धोका वाढतो. वर्षभरात दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडला तर तो मोठा आहे, पण तेवढी चूक टेप तिरका धरल्यानंही होते, म्हणून दोनदा मोजा.

पायरी ५: प्रश्न तिच्या बोलीत

"तंबाखूचे सेवन करता का?" याला उत्तर "नाही" येतं. तिच्या मते तंबाखू म्हणजे पुरुषांचा विडा-चुना. "मशेरी लावतेस का माय? दिसाला किती वेळा?" असं विचारलं की ती डबी दाखवते. वर्षअखेरीस "सोडली का" एवढंच न विचारता "किती वेळा" हे पुन्हा विचारा. चारवरून एकवर आलेली बाई तुमच्या हिशेबात दिसली पाहिजे.

बोलीचं भान ठेवा. अहिराणीत "माले चक्कर येस" म्हणणारी बाई फॉर्मवरच्या "भोवळ" या शब्दाला नाही म्हणून जाते. तिच्यासाठी गोळी म्हणजे "गोयी". यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी आणि भिली. धडगाव-अक्कलकुव्याला मराठी फॉर्म वाचून दाखवून मिळालेल्या उत्तरांवर मी विश्वास ठेवत नाही. प्रश्न आधी तिथल्या चार बायकांना विचारा, त्या कशाला अडखळतात ते पाहा, आणि मग छापा.

मिठाचं नेमकं प्रमाण कळायला चोवीस तासांची लघवी तपासावी लागते, ते गावात जमत नाही. आम्ही घरखर्चाचा हिशेब करतो. किलोची पिशवी किती दिवस पुरते आणि घरात खाणारी माणसं किती? पाच माणसांत महिन्याला एक किलो म्हणजे माणशी दिवसाला साडेसहा ग्रॅमच्या वर, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा पाच ग्रॅमच्या आतली आहे. गुरांना घातलेलं मीठ वजा करा. उन्हाळ्यातल्या पापड, बिबडे, कुरडयांचं आणि लोणच्याचं वेगळं विचारा, आणि पापडखार विसरू नका, त्यातही सोडियमच आहे. हा आकडा ढोबळ आहे. पण तोच हिशेब त्याच घरात पुढच्या वर्षी केला तर कल कळतो.

सासू समोर असताना सुनेला मिठाचं विचारू नका. ती स्वयंपाकाची परीक्षा होऊन बसते.

पायरी ६: गोळी

"गोळी नियमित घेता ना?" या प्रश्नातच उत्तर दडलेलं आहे. त्याऐवजी म्हणा, "सगळ्यांचीच कधी ना कधी गोळी राहते. गेल्या सात दिवसांत तुमची किती दिवस राहिली?" मग स्ट्रिप मागा आणि मोजा. चतुर्थी-एकादशीला गोळी टाळणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, त्यांना उपवासाला गोळी चालते एवढं सांगितलं तरी आकडा हलतो.

गोळी का राहिली ते कारण वेगळ्या रकान्यात लिहा: बरं वाटलं म्हणून थांबवली, उपकेंद्रात संपली होती, बस चुकली, मजुरी बुडते. वर्षअखेरीस हा रकाना मी सगळ्यांत आधी वाचतो. बीपी उतरला नसेल तर का उतरला नाही, ते बहुधा इथे असतं. उपकेंद्रात किती दिवस गोळ्या नव्हत्या याचीही नोंद ठेवा. तो दोष बाईच्या माथी जायला नको. ऊसतोडीला निघणाऱ्यांना जास्त दिवसांच्या गोळ्या बांधून मिळतील का, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांशी दिवाळीच्या आधी बोला.

पायरी ७: हिशेब

समजा, बीपीच्या यादीत २०० बायका आहेत. वर्षभरानं १२० आल्या. त्यांतल्या ७८ जणींचा बीपी १४०/९० च्या खाली. ७८ भागिले १२०, म्हणजे ६५ टक्के, असं लिहायचा मोह होतो. पण यादी २०० ची होती. ७८ भागिले २००, म्हणजे ३९ टक्के, हा खरा आकडा. न आलेल्या ८० जणी गावात आहेत, वाफ्यात आहेत, फडावर आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींनी गोळी सोडलेली असण्याची शक्यता आहे. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही याच रीतीनं तीन खाने करतात: ताब्यात, ताब्यात नाही, आणि भेट चुकलेल्या. तिन्ही मिळून यादीइतकेच भरले पाहिजेत.

अहवालात ३९ लिहिलं तर वरच्यांना कमी वाटेल. आमच्याही बाबतीत एकदा निधी देणाऱ्यांनी "आलेल्यांवरच टक्केवारी द्या" असा आग्रह धरला होता. आम्ही दोन्ही आकडे दिले, यादीवरचा आधी. भेट चुकलेल्यांच्या घरी जायला माणूस मिळाला तो यादीवरच्या त्या आकड्यामुळेच.

सरासरी काढताना ज्यांचं दोन्ही वेळा मोजमाप झालं त्यांच्याच जोड्या धरा. पहिल्या वर्षी दोनशे जणींची सरासरी आणि दुसऱ्या वर्षी वेगळ्याच दोनशे जणींची, ही तुलना होत नाही.

एक पडताळाही ठेवा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी २१.३ टक्के जणींचा बीपी वाढलेला होता किंवा त्या गोळी घेत होत्या. तुमची यादी तिशीच्या पुढची आहे. तिच्यात सात-आठ टक्केच निघाले, तर गाव निरोगी आहे असं म्हणण्याआधी यंत्र आणि यादी पुन्हा तपासा.

पायरी ८: शेजारचं गाव

जमलं तर ज्या गावात कार्यक्रम पुढच्या वर्षी जाणार आहे तिथे याच वर्षी, याच महिन्यात तसंच मोजून ठेवा. दोन्हीकडे सारखाच उतार असेल तर तो पावसापाण्याचा किंवा सरकारी दवाखान्याचा. तिथेही १४०/९० च्या वर निघालेल्या बाईला उपचाराला पाठवायचंच, तुलनेसाठी कोणाला थांबवून ठेवायचं नाही.

पायरी ९: परवानगी आणि परत सांगणं

मोजण्याआधी तिला विचारा, आणि हो म्हणाली तरच मोजा. आकडा मोठ्यानं वाचू नका. रजिस्टरचं पान व्हॉट्सअॅपवर टाकू नका, नावं झाकली तरी गावात हस्ताक्षरावरून आणि क्रमावरून कळतं. हे काम संशोधन म्हणून छापायचं असेल तर आधी नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्यावी लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा.

हिशेब झाला की तो आधी गटाच्या बैठकीत सांगा, अहवाल नंतर. टक्के सांगू नका. सतरंजीवर ज्वारीचे दहा दाणे मांडा आणि म्हणा, आपल्या गावातल्या बीपीच्या दहा बायका या. चौघींचा ताब्यात आहे. दोघी येतात पण उतरत नाही. आणि या चौघी वर्षभर आल्याच नाहीत. एका गावात असे दाणे मांडले तेव्हा एका आजीनं त्या शेवटच्या चारांकडे बोट दाखवून विचारलं, "ह्या कोणाच्या घरच्या?" नावं सांगता येत नव्हती, तसं आम्ही सांगितलं. मग बायकाच बोलायला लागल्या: वरच्या गल्लीतली एक फडावर गेली ती आलीच नाही, एकीचा मुलगा गेल्यापासून ती घराबाहेर पडत नाही, एकीला वाटतं गोळीनं किडनी जाते. त्या संध्याकाळी आशाताई तिघींच्या घरी जाऊन आल्या, आणि दोघींची कार्डं पुन्हा सुरू झाली.